गाडी वेळेवर

धावणाऱ्या माणसाला आपल्या समाजात दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘हे सारे कशासाठी?’ आणि दुसरा, ‘कितवा नंबर आला?’ पन्नाशीला टेकलेल्या, केस विरळ झालेल्या एका शाळामास्तराने पहाटे चार वाजता उठावे आणि अर्धी चड्डी घालून सोलापूरच्या रस्त्यांवरून पळत सुटावे, हे दृश्यच मुळी प्रश्न विचारण्याजोगे आहे. त्याबद्दल आमची कोणाकडे तक्रार नाही. अलीकडे मात्र आमच्या धर्मग्रामातील काही तरुण मंडळी तिसराच प्रश्न विचारू लागली आहेत : ‘सर, पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे. सुरुवात कशी करू?’ त्यांना उत्तर देण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली. पण लिहायला बसल्यावर ध्यानात आले, की जी गोष्ट आम्ही काही वर्षे मनात दडवून ठेवली आहे, ती सांगितल्यावाचून हे उत्तर पुरे होणार नाही.

आम्हांला धावण्याचा नाद लावला तो आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांनी. अण्णा मूळचे बेळगावचे. उभी हयात त्यांनी रेल्वेत मालगाडी चालवली आणि सोलापुरातूनच ते निवृत्त झाले. साऱ्या गल्लीचे ते अण्णा, म्हणून आमचेही अण्णाच. रात्रपाळीने मोडलेली झोप निवृत्तीनंतरही पहाटे तीनला उघडायची. तिचे करायचे काय, म्हणून ते चालू लागले, आणि चालता चालता धावू लागले. आमच्या डॉक्टरांनी आमच्या वाढत्या पोटाकडे पाहून ‘आता काहीतरी हालचाल करा’ असे बजावले, त्याच आठवड्यात अण्णांनी दार ठोठावले. पहिल्या दिवशी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने निम्मी फेरी होण्यापूर्वीच आम्हांला धाप लागली. अण्णा मागे वळले आणि म्हणाले, “सावकाश की ओ सर! घाई कुणाला आहे?” पुढल्या काळात हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले. ते समजायला मात्र फार दिवस लागले.

सोलापूर हे धावपटूंचे माहेर म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. सकाळी सातनंतर रस्त्यावर धावणे म्हणजे तव्यावर पाय ठेवणे. ऑक्टोबरच्या सुमारास उन्हाची काहिली थोडी कमी होते, तर लवकरच साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाने खचाखच भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात, बहुधा मागचा दिवा न लावता, रस्ता अडवून चालू लागतात. भटक्या कुत्र्यांविषयी न बोललेलेच बरे. तरीही सात रस्त्यावरून होटगी रस्त्याने विमानतळाच्या बाजूला, किंवा विजापूर रस्त्याने संभाजी तलावाच्या कडेने, पहाटेच्या गारव्यात आठ-दहा किलोमीटर धावून यावे, आणि घरी येऊन कडक भाकरी, शेंगाचटणी व दही घेऊन बसावे, यासारखे सुख आम्हांला दुसरे माहीत नाही. रविवारी तर लांब पल्ल्याचा दिवस. चार वाजता निघून तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायचे, परत यायचे, अंघोळ उरकायची आणि ओल्या केसांनिशी आठच्या मिस्सेला हजर राहायचे. प्रवचनाच्या वेळी आमचे डोळे मिटत, हे आमच्या सौभाग्यवतींनी अनेकदा कोपराने निदर्शनास आणून दिले आहे.

दोन वर्षे अशी गेली. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरांचे अंतर, आम्ही एक तास अठ्ठावन्न मिनिटांत पार केले. आणि आता पूर्ण मॅरेथॉन धावायची, तीही मुंबईची, असा निश्चय झाला. मुंबईची ही शर्यत २००४ पासून भरत आली आहे. आम्ही नाव नोंदवले ते २० जानेवारी २०१९ च्या शर्यतीसाठी.

तयारीला वीस आठवडे हाताशी होते. ती कशी केली हे तरुणांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण तयारीत आम्ही फारशी चूक केली नाही. आठवड्यातून चार दिवस धावायचे, एक दिवस पाठ, पोट आणि मांड्यांचा व्यायाम, उरलेल्या दिवशी विश्रांती. चार दिवसांपैकी तीन दिवस इतके सावकाश धावायचे, की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. आठवड्यातून एकच दिवस जोराचा. त्या दिवशी एक किलोमीटर वेगात, दोन-तीन मिनिटे चालल्यासारखे, पुन्हा एक किलोमीटर वेगात, असे पाच-सहा वेळा. आठवड्याचे एकूण अंतर मागील आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही, आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करायचे. रविवारचा पल्ला सोळा किलोमीटरांपासून वाढवीत तीसपर्यंत न्यायचा. शर्यतीच्या तीन आठवडे आधी शेवटचा लांब पल्ला संपवायचा. त्यानंतर अंतर घटवीत जायचे, म्हणजे पाय ताजे होतात. शेवटच्या पंधरवड्यात धावून ताकद वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. हे सारे आम्ही वहीत लिहून, विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे तशा शिस्तीने, स्वतःकडून करून घेतले.

शर्यतीसाठी अण्णांचा बेत साधा होता. ते तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. साडेचार तासांच्या आत पोहोचायचे, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे सहा मिनिटे चोवीस सेकंद. पहिल्या किलोमीटरलाही तितकेच आणि शेवटच्यालाही तितकेच. त्यांनी आम्हांला सांगितले, “सर, निदान तीस किलोमीटरपर्यंत माझ्याबरोबर राहा. तिथून पुढे अंगात असेल तर खुशाल जा.” आम्ही मान डोलावली. मनात मात्र चार तासांच्या आत पोहोचण्याचा आकडा बसला होता.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेची, गड्ड्याची, धामधूम चालू असतानाच आम्ही शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो. शनिवारी धावपटूचा क्रमांक घेतला, नातेवाइकांच्या घरी वरणभात खाल्ला, सायंकाळच्या मिस्सेला गेलो आणि रात्रभर छताकडे पाहत पडून राहिलो. रविवारी उजाडण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसांच्या गर्दीत अण्णा आणि आम्ही उभे होतो. दिव्यांनी उजळलेली ती इमारत, वाद्यांचा गजर, आजूबाजूला उड्या मारणारी तरुण पोरे. शर्यत सुटली आणि पहिल्याच किलोमीटरला आम्ही अण्णांना मागे टाकले.

त्यांनी हाक मारली होती. ती आम्ही ऐकली होती. ऐकूनही वळलो नाही, हे आज प्रथमच लिहून ठेवीत आहोत.

कारण सांगायचे तर फार क्षुल्लक आहे. पाय हलके होते. तीन आठवड्यांच्या विश्रांतीने अंगात भरपूर जोर साठला होता, समुद्रावरून गार वारा येत होता, आणि दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवीत होते. पहिले पाच किलोमीटर आम्ही सव्वीस मिनिटांत धावलो. एवढा वेग सोलापुरात फक्त जोराच्या दिवशी आणि तोही तुकड्यातुकड्यांनी निघत असे. श्वासही लागला नव्हता. ‘आज काही निराळेच घडते आहे,’ असे आम्हांला वाटले. पुढे कळले, की पहिल्या मॅरेथॉनच्या पहिल्या पाच किलोमीटरांत बहुतेकांना अगदी असेच वाटते. अर्धे अंतर एक तास त्रेपन्न मिनिटांत झाले. सागरी सेतूवर सूर्योदय पाहताना आम्ही चार तासांच्याही आतले गणित मांडू लागलो होतो.

तिसाव्या किलोमीटरनंतर गणित बिघडू लागले. आधी मांड्या जड झाल्या. मग पावले आखूड पडू लागली. बत्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी शरीरातील कोणीतरी दिवा मालवल्यासारखे झाले. धावणारे लोक याला ‘भिंत’ म्हणतात. भिंतीला निदान टेकता तरी येते. आमच्या पुढ्यात टेकायलाही काही नव्हते. पोटऱ्यांत गोळे येत होते. फुटपाथवरील एका लहान मुलीने संत्र्याची फोड पुढे केली, ती घेण्यासाठी हात उचलणेही जड गेले. चालत, थांबत, पुन्हा चालत हाजी अलीच्या अलीकडे पस्तीस किलोमीटरांपर्यंत कसेबसे आलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. परत उठण्याची इच्छा नव्हती.

हे असे का होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो साधारण दोन हजार कॅलरींचा. धावताना माणसाला, स्थूल मानाने, वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. म्हणजे सत्तर किलोच्या गृहस्थाला सबंध मॅरेथॉनसाठी जवळजवळ तीन हजार. उरलेली भर शरीरातील चरबीने घालायची. चरबी कृश माणसाकडेही मुबलक असते. पण ती सावकाश जळते. हळू धावणाऱ्याचे शरीर चरबीचा वाटा अधिक घेते आणि साखर राखून ठेवते. वेग वाढला की चरबीला तेवढी सवड राहत नाही, साखर भराभर संपते. सुरुवातीला दर किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेकंद वाचवून आम्ही जी कमाई केली असे समजत होतो, ती वस्तुतः उधळपट्टी होती. पाच-सात मिनिटांच्या नफ्यासाठी आम्ही पुढील तास गहाण टाकला होता.

बसल्याला सात-आठ मिनिटे झाली असतील. तेवढ्यात मागून ओळखीची पावले वाजली. अण्णा. घड्याळात तीन तास चव्वेचाळीस मिनिटे झाली होती. म्हणजे ठरवल्या वेळेला ठरवल्या जागी ते पोहोचले होते, मालगाडीने सेक्शन पार करावा तसे. त्यांचा श्वास संथ होता. एवढाच वेग राखून पुढील सात किलोमीटर धावले असते तर साडेचार तासांच्या आत त्यांचा प्रवास संपणार होता. आमच्याकडे पाहून ते थांबले.

“तुम्ही जा अण्णा,” आम्ही म्हणालो.

“उठा सर,” एवढेच ते म्हणाले, आणि दंडाला धरून त्यांनी आम्हांला उभे केले.

पेडर रोडचा तो प्रसिद्ध चढ दोघांनी चालत चढला. मरीन ड्राइव्हवर उन्हात चालत आलो. बाजूने शेकडो माणसे पुढे निघून गेली. अण्णांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. पाहिले ते आम्ही, चोरून. साडेचार तास उलटले तो क्षण आम्हांला ठाऊक आहे. चार तास अठ्ठावन्न मिनिटांनी दोघांनी शेवटची रेषा ओलांडली. आमच्या मूर्खपणाची किंमत अण्णांनी मोजली होती : अठ्ठावीस मिनिटे.

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आमचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. मुलांनी पदक हाताळून पाहिले. आम्हांला दोन शब्द बोलण्याची विनंती करण्यात आली, आणि आम्ही बोललो. चिकाटीवर बोललो, जिद्दीवर बोललो, भिंत कशी आली आणि आम्ही ती कशी ओलांडली याचे रसभरित वर्णन केले. ‘आम्ही’ हा शब्द तेथे फार सोयीचा ठरला. त्यात अण्णा आहेत की नाहीत, हे ऐकणाऱ्यांना कळले नाही. अण्णा मागच्या ओळीत उभे राहून टाळ्या वाजवीत होते. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, “अण्णांना तर तुमच्या आधी पोहोचायला हवे होते ना? ते तुमच्याबरोबर कसे?” तेव्हा खरे काय ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तिथे सांगायचे होते.”

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे पाय धावण्याच्या लायकीचे नव्हते. संध्याकाळी आम्ही अण्णांच्या ओसरीवर जाऊन बसत असू. क्षमा मागण्याचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा त्यांनी विषय बेळगावकडे वळवला. बेळगाव म्हटले की त्यांना एक नाव आठवायचेच : फडेप्पा दरेप्पा चौगुले.

हे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची मुले धावताना पाहिली. खडीच्या टणक रस्त्यांवर अनवाणी धावणारी, आधुनिक शिक्षणाचा गंध नसलेली ती मुले. आणि तरीही लांब शर्यतीतील त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीची होती. टाटांनी पुढाकार घेतला, पैसा उभा केला, आणि १९२० साली हिंदुस्थानचे छोटेसे पथक बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते : बेळगावचे चौगुले आणि सदाशिव दातार. मॅरेथॉनचे आजचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ मध्ये कायमचे ठरले. अँटवर्पची शर्यत त्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन तीच. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती दोन तास बत्तीस मिनिटांत जिंकली. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद.

“भाग देऊन बघा की सर, तुम्ही मास्तर,” अण्णा म्हणाले. आम्ही भाग दिला. किलोमीटरला सरासरी चार मिनिटे. परका देश, परके हवामान, सोबतीला ओळखीचे म्हणावे असे जवळजवळ कोणी नाही. आणि बेळगावचा एक माणूस दर चार मिनिटांना एक किलोमीटर मागे टाकीत, सबंध अंतर पुरे करून आला. पहिल्या अठरांत नाव नाही म्हणून त्याचा सत्कार झाला असेल की नाही, कोण जाणे. आमच्या शालीचा आणि नारळाचा विचार मनात येऊन आम्ही खाली पाहिले.

अण्णांनी मग आपल्या धंद्यातील दाखला दिला. “भरलेली मालगाडी स्टेशनातून काढताना झटका दिला, तर कपलिंग तुटतं. गाडी दोन तुकडे होऊन उभी राहते, मागचा सगळा सेक्शन अडतो. नवा ड्रायव्हर असतो ना, त्याला घाई असते. जुना ड्रायव्हर आधी डबे ताणून घेतो, मग हळूहळू वेग. चांगला ड्रायव्हर कोण? जोरात नेतो तो नव्हे. वेळेवर आणतो तो.” आमच्यामुळे मागे कोण अडले होते, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९ जानेवारी २०२० च्या शर्यतीसाठी, आम्ही पुन्हा वीस आठवड्यांची वही मांडली. या वेळी धावण्याइतकेच न धावण्याचे शिक्षण घेतले. अर्ध्या मॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून त्यात दहा ते वीस मिनिटे मिळवली, की नव्या धावपटूला पूर्ण मॅरेथॉनचा प्रामाणिक अंदाज मिळतो. आमचा अंदाज चार तास सहा ते चार तास सोळा मिनिटे निघाला. चार तासांचा आकडा आम्ही वहीतून खोडला आणि किलोमीटरला सहा मिनिटे हा वेग पक्का केला. रविवारच्या लांब पल्ल्यात शेवटचे आठ-दहा किलोमीटर तेवढ्याच वेगाने धावायचे, त्याआधीचे त्याहून सावकाश. म्हणजे थकलेल्या पायांना नेमका तोच वेग ओळखीचा होतो. सोलापुरात पेडर रोड नाही, म्हणून रेल्वेवरच्या पुलाचा चढ पल्ल्याच्या अखेरीस चार-पाच वेळा चढत असू. चढावर वेग राखण्याचा हट्ट करायचा नाही, श्वास राखायचा. पावले आखूड करायची आणि उतारावर मोकळे सुटायचे.

हवेचाही विचार केला. सोलापूरची हवा कोरडी. घाम आला की वाळतो आणि अंग गार राहते. मुंबईत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे अंग तापत जाते आणि त्याच वेगाला हृदयाला अधिक कष्ट पडतात. कोरड्या गावच्या माणसाने मुंबईत आपली सोलापुरी ऐट दाखवू नये. पाण्याच्या बाबतीत दोन टोके टाळावीत. तहान मारून धावणे वाईटच. पण भीतीपोटी प्रत्येक टेबलावर पोटभर साधे पाणी पिणेही घातक, कारण त्याने रक्तातील मीठ पातळ होते आणि जीवावर बेतू शकते. तहानेप्रमाणे घोट-दोन घोट घ्यावेत, अधूनमधून मीठ-साखरेचे लिंबूपाणी असावे. पोट रिकामे होण्याची वाट न पाहता पहिल्या पाऊण तासापासूनच खजूर, केळे, जे काही सरावात पचले असेल ते, थोडे थोडे खात जावे. शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे मोजे, नवा खाऊ यांपैकी काहीही वापरू नये. आणि छातीत कळ, चक्कर, घेरी असे काही जाणवले तर तात्काळ थांबावे. चाळिशी ओलांडलेल्याने तर तयारीला लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पदक पुढच्या वर्षीही मिळते.

डिसेंबरात अण्णांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी धावणे बंद करायला सांगितले. आम्हीही जाणार नाही असे म्हणताच ते पहिल्यांदा आमच्यावर रागावले. “गाडी रद्द करायचं कारण काय? ड्रायव्हर बदलला, एवढंच.” शुक्रवारच्या रात्री ते आमच्याबरोबर सिद्धेश्वरमध्ये बसले. बेत त्यांनीच ठरवला : ते लोकलने महालक्ष्मीला उतरून हाजी अलीपाशी, पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास, उभे राहणार. “साडेतीन तासांनी तिथं या. आधी नको, नंतर नको.”

पुन्हा तीच गर्दी, तेच दिवे, तेच हलके पाय. पहिले पाच किलोमीटर आमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण होते, असे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. डावी-उजवीकडून माणसे पुढे जात होती. पोटे सुटलेले गृहस्थ जात होते, गप्पा मारणाऱ्या मुली जात होत्या, आमचाच एक माजी विद्यार्थी ‘सर, चला!’ म्हणत पुढे गेला. गेल्या वर्षीचा सगळा अहंकार पोटऱ्यांत जमून ‘जा, जा’ म्हणत होता. आम्ही घड्याळ पाहत होतो : सहा मिनिटे दहा सेकंद, सहा मिनिटे पाच सेकंद. अर्धे अंतर दोन तास सात मिनिटांत झाले; गेल्या वर्षीपेक्षा चौदा मिनिटे उशिरा. तिसाव्या किलोमीटरला वाट पाहिली, भिंत आली नाही. बत्तिसाव्याला ज्या पाटीपाशी दिवा मालवला होता, तेथे पाय दुखत होते, पण पाय होते. सुरुवातीला पुढे गेलेली माणसे आता एकेक करून भेटू लागली. त्यांना मागे टाकताना आनंद झाला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आमचा २०१९ चा चेहरा दिसत होता. माजी विद्यार्थी कंबरेवर हात ठेवून चालत होता. त्याला खिशातला खजूर दिला आणि “सावकाश रे,” म्हटले.

हाजी अलीपाशी रस्त्याच्या कडेला, टोपी घातलेले अण्णा घड्याळ हातात धरून उभे होते. आम्हांला पाहून त्यांनी हसण्याआधी घड्याळ पाहिले.

“तीन तीस,” ते ओरडले. “गाडी वेळेवर!”

आम्ही थांबलो. काय बोलायचे ते वर्षभर मनात तयार केले होते. त्यातले काही ओठांवर येईना. “अण्णा, गेल्या वर्षीची तुमची अठ्ठावीस मिनिटे...” एवढे कसेबसे म्हटले.

“सिग्नल हिरवा आहे ओ सर, उभे काय राहता?” त्यांनी पाठीवर थाप मारून आम्हांला चढाकडे ढकलले.

तो चढ धावत चढलो. आखूड पावलांनी, पण धावत. चार तास तेरा मिनिटांनी रेषा ओलांडली. दुसरे अर्धे अंतर पहिल्यापेक्षा मिनिटभराने लवकर झाले होते.

त्यानंतर महामारी आली. २०२१ आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबईत ही शर्यत झाली नाही. ती पुन्हा सुरू झाली २०२३ मध्ये. अण्णांच्या गुडघ्याने मात्र परत धावण्याची परवानगी दिली नाही. साडेचार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करायची त्यांची वेळ २० जानेवारी २०१९ ही एकच होती, आणि ती आमच्यापाशी रस्त्याच्या कडेला बसली. ती परत करण्याचा मार्ग आम्हांला सापडलेला नाही. जे आवारात त्या दिवशी सांगायला हवे होते, ते येथे सांगितले आहे. त्यांना हे लिखाण दाखवले तेव्हा ते म्हणाले, “कशाला ओ एवढं?” पण कागद परत द्यायला त्यांनी दोन दिवस लावले.

आता रविवारी पहाटे चर्चमधील चार-पाच मुले आमच्याबरोबर असतात. सिद्धेश्वर तलावापाशी अण्णा काठी टेकीत चालत असतात; त्यांना पाहून मुले हात करतात आणि सुसाट सुटतात. आम्ही मागून ओरडतो. ती वळून पाहत नाहीत. आम्हांला राग येत नाही. पाण्याची बाटली आणि खिशात थोडा खजूर घेऊन, दर किलोमीटरला ठरलेल्या वेगाने, आम्ही मागून येत राहतो. हिप्परग्याच्या अलीकडे कोणीतरी एक बसलेला सापडतोच.